तीन ट्रकांचा धनी

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या सिमेंटच्या क्रीडावाटिकेबाहेर शनिवारी सकाळी ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्याकडे एकदा नीट पाहावे. आत पोरे आणि पोरांचे बापही चाकांच्या फळ्यांवरून उड्या मारीत असतात. बाहेर रस्त्याच्या कडेला त्यांची वाहने असतात, आणि त्यांत हटकून दोन-चार तरी जुनाट पिकअप दिसतात. रंग उन्हाने उडालेला, दाराला पोचा आलेला, पाठीमागचा फाळका दोरीने बांधलेला. हौद्यात एक झाडू, एक फावडे, सिमेंटची अर्धी पिशवी, प्लायवूडचा तुकडा आणि मोडलेल्या फळ्यांचा ढीग. गाडीचे वय मालकापेक्षा जास्त असण्याचाही संभव असतो. पण मालकाला विचारून पाहा. "विकणार का?" या प्रश्नाला तो जे हसतो, त्यातच उत्तर येते.

अमेरिकेत पिकअप हे काही दुर्मिळ वाहन नव्हे. शेतकरी, सुतार, नळकामवाले सारेच ते वापरतात. पण स्केटबोर्ड खेळणाऱ्यांचे जुन्या, न रुसणाऱ्या पिकअपवरचे प्रेम काही निराळेच आहे. शर्यतीच्या शौकिनाला वेग हवा असतो, सुखवस्तू गृहस्थाला मऊ बैठक हवी असते. मग ज्याचा सारा खेळ हवेत उडण्याचा, त्याला हे ओबडधोबड ओझ्याचे वाहन का प्रिय व्हावे?

मी भाषेचा मास्तर. त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दाकडे गेले, आणि मौज अशी की या कोड्याची किल्ली शब्दातच सापडली. अमेरिकन माणूस पिकअपला साधे 'ट्रक' म्हणतो. आणि स्केटबोर्डच्या फळीखाली जे धातूचे दोन जोड असतात, ज्यांवर चाके बसवलेली असतात, त्यांनाही 'ट्रक'च म्हणतात! म्हणजे या खेळाडूजवळ दोन ट्रक फळीखाली आणि तिसरा दारात. तिन्ही ट्रकांचा धनी एकच, आणि तिघांकडून त्याची अपेक्षाही एकच.

फळीखालचे दोन ट्रक

रेल्वेच्या डब्याखाली चाकांची जी फिरती चौकट असते, तिला इंग्रज लोक 'बोगी' म्हणतात आणि अमेरिकन लोक 'ट्रक'. आपण मात्र सबंध डब्यालाच बोगी म्हणून मोकळे झालो. ही चौकट डब्याला घट्ट जखडलेली नसते. ती वळते, म्हणून लांबलचक डबा वळणावरून सुखरूप जातो. १८६३ साली जेम्स प्लिम्प्टन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने चारचाकी स्केटच्या तळाशी रबराच्या गाद्या बसवून अशी योजना केली की, माणूस ज्या अंगाला झुकेल त्या अंगाला चाके वळावीत. स्केटबोर्डचा ट्रक हा त्याच घराण्यातला.

त्याची रचना पाहिली तर कोणालाही समजेल. फळीला चार स्क्रूंनी बसणारे बूड, त्यातून निघालेला 'किंगपिन' नावाचा जाड बोल्ट, त्याभोवती दोन लवचीक बुश, त्यांवर झुलणारा धातूचा आडवा दांडा, त्यातून जाणारा अ‍ॅक्सल आणि टोकांना चाके. किंगपिन हा शब्द आपल्याकडच्या मालमोटारीच्या फिटरलाही अनोळखी नाही. हा बोल्ट आवळला की फळी ताठ होते, सैल केला की ती चटकन वळते. प्रत्येक जण तो आपल्या वजनाप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे आवळतो. त्यासाठी जे पाने लागतात त्यांची मापे खेळणाऱ्याला तोंडपाठ असतात : चाकाच्या नटाला अर्धा इंच, किंगपिनच्या नटाला नऊ-सोळांश, आणि फळीच्या स्क्रूंच्या नटांना तीन-अष्टमांश. चाकातले बेअरिंग मात्र मेट्रिक : आतून आठ मिलिमीटर, बाहेरून बावीस. अ‍ॅक्सल पाच-सोळांश इंचाचा, म्हणजे आठ मिलिमीटरला केसभर कमी. दोन मापपद्धतींचा हा संसार असा केसभर अंतर राखून सुखाने चालला आहे.

आता या संसारात कोण किती दिवस टिकतो ते पाहा. फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची. रोज खेळणाऱ्याच्या पायाखाली ती महिन्या-दोन महिन्यांत झिजते किंवा चक्क दुभंगते. चाके त्याहून थोडी अधिक जगतात. बेअरिंग धुळीने कुरकुरू लागते. पण ट्रक वर्षानुवर्षे चालतो. सिमेंटच्या कडेवर घासून घासून त्याच्या दांड्यावर खोल चर पडतो, बुश बदलावे लागतात. तरी तोच ट्रक एका फळीवरून काढून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर चढवला जातो. वर दिसणारी रंगीत चित्रांची फळी येते नि जाते. खाली न दिसणारे लोखंड-अ‍ॅल्युमिनियम तेवढे राहते. बारा वर्षांचा मुलगा हा धडा पुस्तकातून नव्हे, तर खिशातल्या पान्याने शिकतो.

हा धडा कारखानदारांनाही शिकावा लागला. एरिक स्वेन्सन आणि फाउस्टो विटेलो या जोडीने सत्तरच्या दशकात 'स्ट्रोकर' नावाचा ट्रक काढला होता. त्याची रचना मोटारीच्या चाकांच्या जोडणीसारखी, कल्पक पण गुंतागुंतीची. तो मागे पडला. मग १९७८ साली त्यांनी 'इंडिपेंडंट' या नावाने साधा, भक्कम ट्रक बाजारात आणला. तो आजही विकला जातो. मोडेल असे भाग कमी असणे हेच यंत्राचे खरे वैभव, ही गोष्ट तेव्हापासून या जमातीच्या अंगवळणी पडली.

ज्यांना मैदान नव्हते

परंतु तिसऱ्या ट्रकची गरज का पडली, हे समजण्यासाठी या खेळाचा इतिहास थोडा चाळला पाहिजे. आपल्या क्रिकेटला मैदान असते, खो-खोला शाळेचे पटांगण असते. स्केटबोर्डला काहीच नव्हते. पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, समुद्रात लाटा नसतील त्या दिवशी पदपथावरच लाटांची हौस भागवावी म्हणून लाटांवर खेळणाऱ्यांनी फळीला चाके ठोकली. चाके आरंभी धातूची, मग चिनीमातीसारख्या कठीण मिश्रणाची. वाटेत खडा आला की चाक जागीच थांबायचे आणि स्वार पुढे जायचा. सत्तरच्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅस्वर्दी या तरुणाने युरेथेनची मऊ, पकड धरणारी चाके आणली आणि खेळाचे भाग्य पालटले. त्या चाकांना त्याने नाव दिले होते 'कॅडिलॅक'. अमेरिकेतल्या सर्वांत ऐटबाज मोटारीचे नाव! फळीवाल्यांच्या वाट्याला कॅडिलॅक आली ती अशी, बोटभर उंचीची.

१९७६ आणि १९७७ या सालांत कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. पाण्याच्या टंचाईमुळे कित्येक बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. त्यांच्या गोलाईदार भिंती म्हणजे या मुलांना सिमेंटमध्ये गोठलेल्या लाटाच वाटल्या. तळाशी साचलेले हिरवे पाणी उपसायचे, पालापाचोळा काढायचा, तळ झाडून कोरडा करायचा आणि मालक येईपर्यंत खेळायचे, असा क्रम सुरू झाला. २००८ साली घरांच्या कर्जांचा बोजवारा उडून फ्रेझ्नोसारख्या शहरांत घरे ओस पडली, तेव्हाही हाच प्रकार पुन्हा घडला. परक्याच्या आवारात शिरणे हा गुन्हाच, त्याचे कौतुक मी करणार नाही. पण पाणी उपसायचा पंप, नळी, बादल्या, झाडू एवढा सरंजाम घरच्या चांगल्या मोटारीत घालून नेता येत नाही, हे कुठल्याही गृहिणीला पटेल.

१९७६पासून पैसे घेऊन खेळू देणाऱ्या क्रीडावाटिका निघाल्या. पण अपघातांच्या दाव्यांची धास्ती आणि विम्याचे भडकलेले हप्ते यांमुळे ऐंशीचे दशक उजाडेतो त्यांतल्या बहुतेक बंद पडून जमीनदोस्त झाल्या. मुले पुन्हा रस्त्यावर आली. रस्त्यावर पोलीस, दुकानासमोर रखवालदार. तेव्हा त्यांनी काय करावे? त्यांनी मैदान स्वतःच बांधायला घेतले. परसात लाकडी चौकटी उभ्या राहिल्या, त्यांवर प्लायवूड वाकवून उतरणी झाल्या.

प्लायवूडचा पत्रा असतो चार फूट रुंद आणि आठ फूट लांब. तो मोटारीच्या टपावर बांधला तर वाऱ्याने शिडासारखा फुगतो. मोठ्या अमेरिकन पिकअपच्या आठ फुटी हौद्यात मात्र दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमध्ये तो चपखल बसतो. छोट्या पिकअपमध्ये फाळका खाली सोडून उंचवट्यांवर आडवा टाकावा लागतो, पण येतो. म्हणजे ज्याच्याकडे पिकअप त्याच्याकडे सुतारकाम, आणि ज्याच्याकडे सुतारकाम त्याच्याकडे मैदान.

लाकडानंतर सिमेंट आले. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली एक गचाळ, दुर्लक्षित जागा होती. १९९० साली काही खेळाडूंनी कोणाला न विचारता तिथे काँक्रीट ओतायला सुरुवात केली. भिंतीला टेकून एक उतार, मग दुसरा, असे करता करता तिथे एक सबंध क्रीडांगण उभे राहिले. पुढे शहराने त्याला मान्यता दिली, आणि आज ते जगभरच्या फळीवाल्यांचे तीर्थस्थान आहे.

अशा कामाला काय लागते, याचा हिशेब करून पाहू. तयार काँक्रीट मिश्रणाची मोठी पिशवी ऐंशी पौंडांची, म्हणजे सुमारे छत्तीस किलोची. तिच्यातून भरते जेमतेम सहा-दशांश घनफूट. नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद आणि चार इंच जाड एवढाच तुकडा घालायचा, तरी सत्तावीस घनफूट काँक्रीट हवे, म्हणजे पंचेचाळीस पिशव्या. त्यांचे वजन सोळाशे किलोंच्या वर. छोटी पिकअप एका वेळी अर्धा ते पाऊण टन ओढते, तेव्हा एका लहानशा खोलीएवढ्या जमिनीसाठी तीन खेपा झाल्या! शिवाय वाळू, पाणी, जाळी, थाप्या वेगळ्या. ज्या गाडीने हे ओझे वाहिले, तिच्याविषयी बैलाविषयी वाटावे तसे काही वाटू लागले, तर त्यात नवल ते काय?

नगरातल्या खेळातही हाच सरंजाम लागतो. १९७८च्या सुमारास फ्लोरिडातल्या अ‍ॅलन गेलफँडने हात न लावता फळीसकट उडी घेण्याची युक्ती काढली. पुढे रॉडनी मुलेनने ती सपाट जमिनीवर साधली, आणि शहरातला प्रत्येक कठडा व पायरी खेळाचे साधन बनली. पण पदपथाला भेग असली तर चाक अडते. म्हणून ही मंडळी मोटारीचे पोचे बुजवण्याची लांबी घेऊन जातात आणि ती भेगेत भरतात. गॅरेजचे साहित्य रस्त्याच्या दुरुस्तीला! तीच लांबी गाडीच्या दाराला लावायची मात्र कोणाला आठवण होत नाही.

कोंबडीने आणलेली गाडी

आता गाडीकडे वळू. यांची आवडती पिकअप बहुधा दोन जातींची. एक मोठी अमेरिकन, जशी फोर्डची. तिच्यात १९६५ ते १९९६ या काळात सहा सिलिंडरांचे, तीनशे घन इंचांचे जे इंजिन बसवीत, त्याच्या चिवटपणाची ख्याती अजून आहे. दुसरी छोटी जपानी. या छोट्या गाडीच्या कथेत एक कोंबडी आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपच्या बाजारात शिरली, तेव्हा फ्रान्स, पश्चिम जर्मनी वगैरे देशांनी तिच्यावर जबर जकात बसवली. त्याचा वचपा म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परदेशी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रीन आणि हलके ट्रक यांवर शेकडा पंचवीस जकात लावली. ती १९६४ साली अमलात आली. बाकीचे विसरले गेले, ट्रकवरची जकात आजतागायत कायम आहे. रोख होता जर्मन गाड्यांवर, पण चतुराई दाखवली जपान्यांनी. हौद्याशिवाय नुसता सांगाडा आणि चालकाची खोली बोटीने आणली तर जकात शेकडा चारच पडे! मग हौदा अमेरिकेत बसवायचा. टोयोटाने सत्तरच्या दशकात असे हौदे बनवण्याचे काम लाँग बीच या बंदरात सुरू केले. फळीवाल्यांचे माहेर जो कॅलिफोर्नियाचा दक्षिण किनारा, तिथेच. अमेरिकन कंपन्याही मग जपानी गाड्यांना आपली नावे देऊन विकू लागल्या. शेव्हरोलेने इसुझूची गाडी १९७२ साली आणली, आणि 'हलके उपयोगी वाहन' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव ठेवले 'लव्ह'. प्रेमाची सुरुवात अशी जकात चुकवून झाली. १९८० साली ही पळवाट बंद करण्यात आली.

टोयोटाच्या ज्या पिकअपचे नाव या मंडळींच्या ओठांवर असते ती ऐंशीच्या दशकातली, आणि नव्वदच्या पूर्वार्धातली. तिचे '२२ आर' जातीचे इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.४ लिटरचे. ताकद बेताची, शंभर घोड्यांच्या आसपास. पण बॉनेट उघडले की आजूबाजूला एवढी मोकळी जागा की हात सहज आत जातो. खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, मागे पोलादी पाटे. नव्या गाडीत एखादा दिवा लागला की संगणक जोडावा लागतो. इथे नळी फुटली तर फुटलेली दिसते, आणि दिसते म्हणून दुरुस्त करता येते. २००३ साली एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात हिच्या डिझेल भावंडाला समुद्राच्या भरतीत बुडवले, पेटवले, आणि शेवटी पाडावयाच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून खाली आणले. ढिगाऱ्यातून उपसल्यावर, थोडी हत्यारे चालवताच ती पुन्हा सुरू झाली. शंभरदा पडून उठण्यातच ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाने हा कार्यक्रम कोणत्या डोळ्यांनी पाहिला असेल याची कल्पना करावी.

कॅलिफोर्नियाच्या हवेचाही या दीर्घायुष्यात वाटा आहे. ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीची चौकट पोखरून टाकते. दक्षिण कॅलिफोर्नियात बर्फ नाही, म्हणून मीठ नाही. तिथे रंग जातो, पण हाड टिकते.

प्रेमाची दुसरी बाजू

हे सारे वाचून कोणाला वाटेल की जुने तेवढे सोने. तसे मुळीच नाही. या गाड्यांतल्या कित्येकींत धडकेच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या उशा नाहीत, आणि आजच्या गाड्यांच्या मानाने त्यांचा धूरही अधिक. कॅलिफोर्नियात १९७६ किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला साधारणतः दर दोन वर्षांनी धुराच्या परीक्षेला बसावे लागते. त्या दिवशी मालकाची अवस्था मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीच्या पित्यासारखी असते. त्यातून छोटी पिकअप अमेरिकेच्या बाजारातून जवळजवळ नाहीशी होत गेली. फोर्डची छोटी रेंजर तिथे २०११च्या अखेरीस बंद झाली, आणि २०१९ साली त्याच नावाने परत आली ती अंगाने वाढून. त्यामुळे जी कधीकाळी गरिबाची गाडी होती, तिच्या चांगल्या नमुन्यांना आता शौकीन लोक भरपूर पैसे मोजतात. तरुण खेळाडूला ती परवडेनाशी होऊ लागली आहे. खरा धोका धुराचा नाही, हाच आहे. गाडी संग्रहात गेली की तिच्या हौद्यात सिमेंट कोण टाकणार?

दरम्यान जगाने या खेळाला मैदान देऊ केले. १९९७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून स्केटबोर्डची गणना धोक्याच्या खेळांत केली. नाव भयंकर, पण परिणाम सुखद. खेळाडू आपल्या जोखमीवर खेळतो असे ठरल्यामुळे नगरपालिकांची दाव्यांची भीती कमी झाली आणि गावोगावी सार्वजनिक क्रीडावाटिका उभ्या राहिल्या. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, पदकेही मिळाली. आता प्लायवूड वाहून नेण्याची सक्ती उरली नाही. तरी जुनी पिकअप बाहेर उभीच आहे. म्हणजे गरज सरली तरी वैद्य मेला नाही!

याचे कारण मला असे दिसते. आपण मध्यमवर्गीय माणसे पाडव्याला नवी गाडी घेतो, तिला हार घालतो, बैठकीवरचे प्लास्टिक वर्षभर काढीत नाही, आणि पहिला ओरखडा उठला की घरात दोन दिवस सुतक पाळतो. यात हसण्यासारखे काही नाही. कष्टाच्या पैशाची ती माया आहे. पण त्या मायेत भीतीही मिसळलेली असते, आणि भीतीपोटी आपण वस्तू वापरण्याऐवजी तिची राखण करीत बसतो. फळीवाल्याची राखण पहिल्याच दिवशी संपते. नव्या फळीवरचे सुंदर चित्र पहिल्या तासाभरात खरवडले जाते, आणि त्याला त्याचे दुःख नसते. वस्तूवर त्याचा विश्वास बसतो तो तिच्या अंगावर चरे पडल्यावर. एवढे सोसून ती चालली, म्हणजे उद्याही चालेल, हा त्याचा साधा हिशेब. खालचे ट्रक त्याने याच कसोटीवर जोखलेले असतात. दारातला ट्रकही तो त्याच कसोटीवर जोखतो, आणि बिघडला तर त्याच हातांनी खोलतो.

हिशेब साधा, पण तो हाताला काम असल्याशिवाय येत नाही. ज्या मुलाने किंगपिन कधी आवळला नाही, त्याला गाडीचा नट सैल झालेला कळायचा नाही, आणि ज्याला तो कळत नाही त्याला जुनी गाडी म्हणजे केवळ भंगार वाटणार. या दिवाळीत घरातल्या मुलाने सायकल उलटी करून तिची साखळी काढून बसवण्याचा घाट घातला आणि हात काळे करून घेतले, तर त्याला लगेच रागावू नये. फरशी पुसता येते.